मूठ

रंकाळ्यावर, भडंगाच्या गाडीपासून चौथ्या बाकावर
आण्णा सांगत असतात,
"छातीभर पाण्यात गेलतो म्हणतो मी.
खाली बघावं तर आपलीच नखं दिसत्यात."
कल्लाप्पा चौगुले हसतात, सगळ्या हिरड्यांनी.
इसाकचाचा हसत नाहीत. विचारतात,
"खारं किती हुतं?"

मी टोकाला बसलेली, मांडीवर पुडा,
शेंगदाणे वेचत.

जहाज लांब उभं राहिलं होतं.
बेटापर्यंत नुसतं फिकट हिरवं पाणी
आणि खाली हलणारी एक छोटी होडी.
खलाशी म्हणाला, "अंकल, कूदो."
चाळीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस
माझा दंड घट्ट धरून,
उजवा पाय हवेत.
होडी वर यायची, खाली जायची.
आण्णा ओठातल्या ओठात मोजत होते.
सातव्या वेळी उतरले.

बेटावर पाय ठेवला आणि पहिलं काम वाळू.
मुठीत घेतली, दाबली, उघडली.
उद्यमनगरातल्या निम्म्या साच्यांची वाळू
ज्या हाताला पाठ आहे
तो हात थोडा वेळ तसाच उघडा.
"मूठ धरत न्हाई. चुना हाय सगळा.
ओतकामाला घेतली तर फुटंल."
एवढं मोठं बेट, दोन मिनिटांत नापास.
मग माडाखाली जाऊन बसले.
"तू जा. मी चपला बघतो."

चपला दोन जोड,
माझ्या रबरी, त्यांच्या कापशी, करकरणाऱ्या,
आणि आसपास चोर म्हणावं तर
एक खेकडा.

पंचगंगेच्या घाटावर मी सुका भोपळा बांधून पोहायला शिकले
तेव्हाही असंच.
खालून तिसऱ्या पायरीवर आण्णा,
शेजारी माझ्या चपला,
आणि "लांब जाऊ नगंस" दर चार हातांनी.
त्यांना स्वतःला पोहता येत नाही
हे मला बाविसाव्या वर्षी कळलं,
तेही आईकडून, भांडणात.

नळी दातात धरून मी पाण्यात तोंड घातलं.
खाली पोपटी मासे, ओठ वाकडे,
उधारी मागायला आल्यासारखे.
मी त्यांच्या मागं मागं.
किती वेळ, ते नाही सांगता येणार.
डोकं वर काढलं तेव्हा माड करंगळीएवढा
आणि माडाखाली कुणी नाही.

हात मारत आले.
आण्णा बुंध्याला पाठ टेकून बसलेले, जसेच्या तसे.
फक्त पॅन्ट ओली, पार मांडीपर्यंत.
"शहाळं सांडलं."
"एवढं?"
"मोठं हुतं शहाळं."
तेवढ्यात परतीची शिट्टी झाली.

परवा त्यांच्या चपला घेऊन चप्पल लाइनीत गेले.
सातपुत्यांनी अंगठा हलवून बघितला, पट्टा वाकवला,
जिभेच्या टोकाला बोट लावलं.
"मीठ बसलंय चामड्यात, आक्का.
हे शिंतोडं न्हवंत.
चप्पल घालून पाण्यात हुबा ऱ्हायलंय कुणीतरी, लई वेळ."
साठ रुपये झाले. मी शंभर दिले
आणि सुटे घ्यायचे विसरले.

आता आण्णा खिशातून तंबाखूची डबी काढतात.
तंबाखू सोडून तीन वर्षं झाली.
आत ती वाळू,
नापास झालेली, तरी कोल्हापूरला आलेली.
इसाकचाचा मूठ करतात. दाबतात. उघडतात.
बोटांच्या फटीतून बाकावर, धोतरावर, पुड्यावर.
"मूठ धरत न्हाई रं, निवास."
"न्हाईच धरत!" आण्णा एकदम खूश.

कल्लाप्पा माझ्याकडं वळतात.
"पोरी, खरं सांग. छातीभर?"

पाण्यावरून वारा येतो, थोडा शेवाळाचा.
"छातीभर," मी म्हणते.
"मी होते की तिथं."

आण्णा माझ्याकडं बघत नाहीत.
डबीचं टोपण दाबतात, पुन्हा दाबतात.
बसत नाही.
कडेला एक कण अडकलाय.