पारा उतरण्याचे दिवस

फेब्रुवारीत सूर्य परत आला तेव्हा
तुकुम्मेकने हातमोजे काढले, टोपी मागे सारली,
बोडक्या डोक्याने उभी राहिली,
पाहुण्याला सामोरं जावं तशी.

आता एप्रिल. आता ती दुसरे हातमोजे चढवते,
पातळ, प्लास्टिकचे.
वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते.
बाटलीवर श्वास पडू देत नाही.
वरचं बोटभरच बर्फ घेते;
खालचं जुनं, त्याचा हिशेब झालाय.

समुद्राला भेग पडते, पाणी लगेच गोठतं,
त्या कोवळ्या बर्फावर फुलं धरतात, मिठाची.
वास नाही. फुंकर घातली तरी मोडतात.
त्यांच्यात ब्रोमीन दबा धरून असतं.
ऊन लागलं की उठतं,
आधी ओझोन खातं,
मग गाठतं पाऱ्याला,
वर्षभर हवेत हिंडणाऱ्या,
कुठल्याच पावसाला न सापडलेल्या.
दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं.
बस्स. तेवढ्याने त्याची फकिरी संपते.
मिळेल त्या कणाला चिकटतो
आणि खाली बसतो.

खोपटातल्या पडद्यावर रेघ घसरते :
दीड, एक, पाव,
मग जमिनीला टेकलेली.
हवा स्वच्छ झाली म्हणायची.

कुठला हा पारा? कुणास ठाऊक.
एखाद्या वीजकेंद्राच्या धुराड्यातला असेल.
किंवा कुठल्याशा नदीकाठी
कुणी फडक्यातून पिळून काढला, उरलेला तव्यावर जाळला,
सोन्याचा मणी ठेवून घेतला.
वर गेलं ते गेलं, असं त्याला वाटलं.
मलाही वाटलं असतं.

"माझ्या भाषेत माणूस चिडला की पारा चढतो,"
मी तिला म्हणाले.
ती झाकण फिरवत होती.
"आमच्याकडे उतरतो," म्हणाली.
"आणि आम्ही कुठे चिडलो?"

खरं तर यातला बराचसा परत उडतो.
ऊनच आणतं, ऊनच नेतं.
उरतो तो थोडका.
थोडका वितळून खाडीत जातो,
तिथे डोळ्यांना न दिसणारं कुणीतरी
त्याला एक कार्बन बांधून देतं, शिदोरीसारखा.
मग तो निघतो,
तोंडातून तोंडात,
प्रत्येक तोंडागणिक वाढत.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
तिच्या बहिणीने वेणी सोडली.
अमाउनालिकला सहावा महिना.
तुकुम्मेकने मानेपासची एक बट कापली,
मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला,
पट्टीवर लांब करून ठेवली.
महिन्याला एक सेंटिमीटर.
"आठव्यावर ऑगस्ट," ती बोट ठेवत म्हणाली,
"नार्व्हाल मिळाला तेव्हाचा."
मी सहाव्यावर थांबले.
तिथून मुळापर्यंतचे केस दोघांचे.

त्यांची आई उलू घेऊन बसलेली,
मत्ताकचे चौकोन पाडत.
वर काळी कातडी, खाली गुलाबी चरबी.
दवाखान्याचं पत्र फ्रिजवर, चुंबकाखाली.
"खाऊ नको म्हणतात," आई म्हणाली,
"जहाज जुलैत येणार. दुकानात अननसाचे डबे आहेत.
अननसावर मूल वाढवू?"
कुणी उत्तर दिलं नाही.
तिने चव पाहिली, मान हलवली.
"काही बदललेलं नाही," म्हणाली.
मी तिला सांगणार होते की
त्याला चव नसते.
सांगितलं नाही.

अमाउनालिकने एक तुकडा उचलला,
सुरीने अर्धा केला, अर्धा परत ठेवला.
उरलेला खूप वेळ चघळत राहिली,
केस तसेच मोकळे.

तुकुम्मेकने पाकिटावर नाव घातलं, तारीख घातली
आणि सकाळच्या बाटल्यांच्या पेटीत,
जागा करून, सरकवलं.

अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन.
रेघ अजून
खालीच.