दोनशे अंश म्हणजे किती

फोन घेऊन टेकडीवर आले आहे, योवाना.
खाली गावात तुझा आवाज तुटतो,
इथे वारा कानात शिरतो. मोठ्याने बोल.
काय म्हणालीस? लिमातल्या खोलीत ओव्हन मिळालाय?
काचेचं दार, आत दिवासुद्धा,
आणि बटाटा किती वेळ ठेवायचा ते मला विचारतेस?

दोनशे अंश म्हणजे किती, मला ठाऊक नाही.
मी भट्टीच्या तोंडाशी हात नेते.
आईचं पूर्ण नाव घेऊन होईपर्यंत हात टिकला
तर भट्टी अजून कच्ची.
तू करून बघ. भाजलं तर नळाखाली धर.

बटाटे कसले आहेत?
पांढरे, गुळगुळीत, धुतलेले.
म्हणजे ज्यांना कुणी कधी रागावलं नाही असले.
इथे अजून तो गाठीगाठींचा पिकतो,
सुनेला रडवणारा,
सोलता सोलता माझ्या सासूने माझी परीक्षा घेतली होती त्यावर.
मी रडले नाही. साल तशीच ठेवून चुलीत टाकला.

जूनमधलं आठवतं का तुला?
काढणी झालेलं रान, वाळून दगड झालेली ढेकळं,
तुझा काका नेमेसियो गुडघ्यांवर बसून रचायचा,
मोठी खाली, लहान वर,
घुमट मिटत आला की श्वास धरायचा,
आणि एक ढेकूळ सरकलं की
पाद्रीबाबा गावात असला तरी शिव्या.
दारासाठी दोन सारखी ढेकळं शोधायची, ते तुझं काम.
तू तासभर शोधायचीस. सारखी कधी मिळाली नाहीत.

मग निलगिरीच्या काटक्या, गवत, वाळलं शेण.
ढेकळं आधी काळी पडतात,
मग काळं जळून जातं,
मग आतून लाल होतात, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी.
तेव्हा बटाटे आत लोटायचे, आणि…
हो, तेच, तुला तेवढंच आठवणार!
फावड्याच्या पाठीने छपरावर धपका.
सगळं कोसळायचं बटाट्यांवर,
वर माती, मातीवर पोरं नाचायची.
आमचा ओव्हन एका जेवणापुरता.
पुढच्या पावसात त्याचं परत शेत.

तुझा पाडता येणार नाही. भाड्याचा आहे.

बरं, लिहून घे, तुला लिहायला आवडतं.
पुसून कोरडा कर. मीठ लाव, तेल असेल तर तेल.
कागदात गुंडाळू नकोस, घामाने भिजेल,
आपल्याला साल कुरकुरीत हवी.
तासभर लागेल. सुरी सहज आत गेली की झाला.
काट्याने टोचायचा? कुणी सांगितलं?
कशाला टोचतेस, त्याने काय केलंय तुझं?
आम्ही कधी टोचले नाहीत.

किती ठेवलेस?
एकच?
एका बटाट्यासाठी नेमेसियोने ढेकूळ उचललं नसतं.
शेजारी कोण राहतं? नाव विचारलं नाहीस?
आठ महिने झाले, योवाना.

थांब, कसला आवाज आला तो?
फुटला?
पूर्ण फुटला?
दिव्यावर, काचेवर, सगळीकडे?

हसत नाहीये मी. वारा आहे.

बरं, हसतेय.
टोचायला हवा होता, माझं चुकलं.
मातीत वर एवढं ओझं असतं
की बटाट्याला फुटायला जागाच नसते,
हे माझ्या लक्षात कधी आलं नाही.

आता बंद कर, थंड होऊ दे,
आणि भिंतीवरचं खरवडून खा, वाया घालवू नकोस.
मीठ पुरेसं होतं का?
शुक्रवारी फोर्तुनातोच्या बसमधून पोतं पाठवते,
अर्धं गाठीवाल्यांचं.
एकटीला संपणार नाही एवढं.
दार वाजव कुणाचंतरी…

हॅलो?
योवाना?
ऐकू येतंय का? टोचून ठेव म्हणतेय, या वेळी टोचून ठेव.