मधली जाळी

पहाटे पाचला मोजते. सतरा.
तीन म्हाताऱ्या, सहा अर्धवट वाढलेली, आठ पिल्लं.
रात्री दार लावतानाही सतराच होती.
मोजणं हीच माझी प्रार्थना, असं फादरना म्हटलं
तर ते म्हणाले, आकडा चुकला की चर्चला ये.

खारोडीच्या गावठाणात, आमच्या मागल्या दारी,
विहीर बुजवली तिथे आता सिमेंटचा हौद. गुडघाभर पाणी.
कुंपणापलीकडे बावीस मजले.
चौथ्या मजल्यावरची बाई खिडकीतून विचारते,
रात्री का ओरडतात ही?
मी म्हणते, तुमच्या गच्चीवरचा दिवा लागतो ना,
त्यांना वाटतं, उजाडलं.

म्हाताऱ्या आंतोनमामाच्या.
तो गेला तेव्हा जमीन वाटली गेली, कपाट, शिडी,
बंद पडलेला मिक्सरसुद्धा.
बदकांचं नाव कुणी काढलं नाही.
सातबाऱ्यावर नव्हती ती.
मी पाटीत घालून, वर ओली गोणी टाकून, रिक्षातून आणली.

मधली सहा वसईच्या बाजारातली.
आवाज फुटतोय त्यांना.
माद्या कर्कश, नर घोगरे,
आणि दोन्ही नरांच्या शेपटीवर एकेक पीस
नुकतं वर वळलंय.
पाठ दाखवतच फिरतात दिवसभर,
भाचा ग्लॅडविन पहिली मिशी घेऊन फिरायचा तसे.

आणि ही आठ.
किणींची खुडूक कोंबडी उसनी आणली होती.
अठ्ठावीस दिवस बसली,
स्वतःच्या हिशेबापेक्षा सात दिवस जास्त.
किणीबाई आता रोज विचारतात, कोंबडी कधी?
मी रोज म्हणते, रविवारी.

दाणा वेगवेगळा. अंड्यांवरच्यांच्या दाण्यात चुना,
तो पिल्लांना बाधतो.
पिल्लांच्या कण्या ओल्या हव्यात, नाहीतर घशात बसतात.
पाणी हवं, पण चोच बुडेल इतकंच.
आईच्या पोटाखालचं तेल यांच्या अंगाला लागलेलं नाही,
कोंबडीकडे कुठून असणार?
बदकाचं पिल्लू बुडू शकतं
हे मला पन्नाशीत कळलं.

म्हणून मध्ये जाळी.
तीन आठवडे एकमेकांना नुसतं बघायचं.
जाळीच्या अल्याड एक ताटली, पल्याड एक,
एकाच वेळी ठेवायची.
माझी सोयरीक ठरली तेव्हा असंच जेवलो होतो आम्ही,
मान खाली घालून, समोरासमोर.
ती सोयरीक मोडली. ताटल्या छान होत्या.

बाविसाव्या दिवशी जाळी उचलली.
थोरली लंगडी, मामा तिला मादाम म्हणायचा,
सरळ चालत गेली
आणि सगळ्यांत लहानग्याची मान चोचीत धरली.
दाबली. सोडली.
मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची.
मी खराटा उगारून उभी.
मारतेय की मोजतेय, कळेना.
आठ झाली तशी ती पाणी प्यायला गेली.
कोंबडी छपरावर चढून अर्धा तास ओरडत राहिली.
मधली सहा हौदातच होती. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

डिसेंबर लागला. ग्लॅडविनचा मस्कतहून फोन,
आंटी, येतोय. नाताळला बदकाची मोयली करशील ना?
करणार तर.
म्हातारीचं मांस चिवट. पिल्लांचा प्रश्नच नाही.
सात माद्यांना एक नर पुरतो, दुसरा राहिला
तर त्यांच्या मानेवरची पिसं उरत नाहीत.
हिशेब सरळ आहे. बाटली मसाल्याची बरणी खाली काढली.
सुरी घासून आणली.
दोघांतला कुठला, तेवढं मी आठ दिवस पुढे ढकललं.

आज चोवीस तारीख.
पहाटे मोजलं. सतरा. पुन्हा मोजलं.
आता दार लावताना सोळा.

मिडनाइट मासला येईन, फादर.
पण आकडा चुकलेला नाही.
कोण नाही, ते मला माहीत आहे.