दोन वॅट

साखरीनाट्याच्या सोसायटीत, तराजूच्या खोलीत,
बर्फाच्या पावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलाय स्विच.
गावाला बंदर एक, ह्याला आठ.
पंख्याच्या जाळीत खवलं अडकलेली.
मी राजापूरहून येतो, दोन तासांची मजुरी, पेट्रोल वेगळं.

त्याच्या पोटात पासष्ट वॅट. बस्स.
एकाच वायरीतून निरोपही जातो आणि भाकरीही,
खांबापर्यंत वेगळी लाइन ओढायला नको,
हे मीच पटवलं होतं कमिटीला,
चहाच्या तीन फेऱ्या होईतो.

पहिला पोर्ट सेक्रेटरींचा फोन.
दोन ते पाच कॅमेरे: लिलाव, जेट्टी, डिझेलची टाकी,
आणि पाचवा, खरं सांगायचं तर,
शिरगावकरांच्या नव्या गाडीवर.
सहावा वायफाय. सातव्यात कोळिष्टक.
आठव्यावर भोंगा,
शेवटी आला म्हणून शेवटी.

भोंग्याची चाचणी सकाळी अकराला.
शहनूर माइकशी म्हणते, "हॅलो, चाचणी, चाचणी,"
कावळे उडतात, रजिस्टरात सही होते.
रोज पास.

मग दसऱ्यानंतरच्या एका रात्री,
मतलईच्या वेळेला वारं उलटं आलं, समुद्रावरून.
खाडीच्या तोंडाशी सत्तावीस होड्या नांगरलेल्या,
माणसं आत झोपलेली.
शहनूर ओढणी सावरत धावली, बटण दाबलं.
भोंगा म्हणाला, "सर्व"
आणि पुढचा शब्द आलाच नाही.
पुन्हा दाबलं. "सर्व."
पुन्हा. "सर्व."
शेवटी हसनमियाँनी धक्क्यावर उभं राहून
तेलाचा डबा बडवला.
दोन होड्या खडकावर गेल्या. माणसं वाचली.

भोंगा हलका, असं सगळ्यांचं मत पडलं.
मी लॉग उघडला.
अंधार झाला की कॅमेरे लाल डोळे उघडतात,
दिवसा चार वॅटवर भागवणारा रात्री नऊ मागतो.
नऊ चोक छत्तीस, वायफाय बारा, फोन पाच: त्रेपन्न.
मुका भोंगा तीन. छप्पन्न. चालतंय.
बोलता भोंगा चौदा.
सदुसष्ट.

स्विचला एवढंच ठाऊक:
कमी पडलं तर शेवटच्याला पानावरून उठव.
तोंड मिटून होता तोवर त्याला पंगतीत जागा होती.

खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर
हजारो मेगावॅटची बोलणी
मला मिसरूड फुटायच्या आधीपासून.
इकडे दोन वॅट.

हसनमियाँ भाटकर, जुने तांडेल, दारात बसून ऐकत होते.
"वाटे कसे घातलेस रे?"
घातलेच नाहीत, म्हटलं. जसं आलं तसं जोडलं.
ते हसले नाहीत.
"होडीचा वाटा आधी. मग जाळ्याचा. मग तांडेल, खलाशी.
मालकाच्या गाडीचा वाटा
मी तरी अजून ऐकला नाही."

आठवा: अत्यावश्यक. जेट्टी: त्याखालोखाल.
पाचवा: कमी.
शिरगावकर माझ्या खांद्यावरून वाचत होते.
"कमी म्हणजे कायमचा बंद?"
नाही साहेब. भोंगा बोलेल तेवढाच वेळ.
"आणि तेवढ्यात कुणी काच फोडली तर?"
ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.
एकशेवीस वॅटचा मिळतो, मी म्हणालो,
कोटेशन दिलंय.
कोटेशन फायलीत आहे, ते म्हणाले.

चाचणी आता रात्री नऊला,
हे मी रजिस्टरात माझ्या हातानं लिहिलं,
आणि पहिल्या रात्री थांबलो, शेवटची एसटी सोडून.
शहनूरनं बटण दाबलं.
पडद्यावरचा पाचवा चौकोन काळा झाला,
आणि बाहेर, पाण्यावरून,
"सर्व नौकांनी सावध राहावे, ही फक्त चाचणी आहे,"
अख्खं वाक्य गेलं, पूर्णविरामासकट.

होड्यांतून कुणीतरी ओरडलं,
"कळलं गो, कळलं! आता झोपू दे!"