पहिला घाणा

दहा किलोमीटर, एक तासाच्या आत, डिसेंबरात.
असं मी चैत्रात ठरवलं आणि लिहून ठेवलं
ऑफिसातल्या ड्रॉवरच्या आतल्या बाजूला,
पेन्सिलीने. म्हणजे खोडता येईल.

त्याच ड्रॉवरमध्ये खारी असते.
माझी नव्हे, कानडेबाईंची.
त्यांचा ड्रॉवर फायलींनी भरलाय.
काढताना दर वेळी विचारतात,
"घेतेस का गं? एकीने काय होतंय?"
एकीने काही होत नाही.
खारी एकटी नसते, एवढंच.

विम्याचा क्लेम विभाग, शिवाजीनगर, तिसरा मजला.
इथे कुणी ना कुणी सारखं जन्मलेलं असतं.
घाडग्यांच्या मुलाला प्रवेश मिळाला म्हणून पेढे,
मग त्याने कॉलेज बदललं म्हणून पुन्हा पेढे.
एकादशीला तर विचारूच नका.
'पोट बिघडलंय' हे आठवड्यातून एकदा चालतं,
दुसऱ्यांदा ओव्याची पुडी येते.
शेवटी खरं कारण सांगितलं, की मी पळते.
"कुणापासून?" मोकाशी म्हणाले,
आणि अख्खा विभाग हसला. मीही.
हसता हसता एक बाकरवडी तोंडात गेली,
कुणाच्या डब्यातली, कळलंच नाही.

रविवारी साडेपाचला कॅनॉलच्या कडेने.
गुडघा तिसऱ्या किलोमीटरला बोलायला लागतो,
पाचव्याला दमून गप्प होतो.
मोज्यात पन्नासची नोट, घडी घालून.
अडीनडीला रिक्षासाठी, असं घरी सांगितलंय.
आठव्या किलोमीटरला, पुलाशी, वड्याची गाडी.

वास आधी येतो, गाडी नंतर.
लसूण, कढीपत्ता, मीठ लावलेली मिरची.
मी तोंडाने श्वास घेते,
डावीकडे बघत नाही,
उजवीकडची पाटी वाचते:
पंक्चर, हवा, जुने टायर घेणे-देणे.
एकोणीस रविवार वाचली. पाठ आहे.

विसाव्या रविवारी मी हरले.
म्हणजे आदल्या रात्रीच हरून ठेवलं होतं.
शुक्रवारी एक बाई आली होती,
तिचा नवरा कागदोपत्री अजून जिवंत होता,
आणि तिसऱ्यांदा मीच तिला म्हणाले, दाखला आणा.
ती बरं म्हणाली. नुसतं बरं.
ठरवलं, रविवारी दोन वडे. गरम. मिरचीसकट.

त्या वड्यांकडे मी धावले.
अशी कधीच धावले नव्हते.
गुडघ्याला तोंड उघडू दिलं नाही.

थांबले, तर तेल गार.
बिबवे पिठात पाणी घालत होते.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा घड्याळाकडे.
"ताई, आज लवकर?
तुम्ही गेलात की मी पहिला घाणा सोडतो.
उन्हाळ्यापासून तसंच चाललंय.
आज अजून स्टोव्हसुद्धा..."

म्हणजे मी पाटी वाचत होते तेव्हा
इकडे कुणी मला वाचत होतं,
झारा हातात धरून.

मनगटावर आठ किलोमीटर, सेहेचाळीस मिनिटं.
उरलेले दोन ओढत नेले असते तरी
तासाच्या आत घरी.
एक शहाणी बाई पुढे गेली असती.
"सात-आठ मिनिटं लागतील," बिबवे म्हणाले,
आणि मी उलट्या बादलीवर बसले.
बटाट्याच्या गोळ्यांवर फडकं होतं.
कॅनॉलवरून गार वारा येत होता.
तेलात पिठाचा थेंब टाकून त्यांनी पाहिलं,
बुडाला. परत टाकला,
वर आला.

घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं.
या वर्षातली सर्वांत संथ धाव, असं ते म्हणालं,
चटणी बोटाला असतानाच.

सोमवारी ड्रॉवर उघडला,
खारीची पिशवी बाजूला सारली,
पेन्सिलीवरून पेनने गिरवलं.
दहा किलोमीटर झालं. एक तासाच्या झालं.
'आत'वर मात्र शाई धरेना,
तिथे खारीचं तूप लागलं होतं.