बद्द आवाज

खालची डावी दाढ. आठवडा झाला, दुखत नाही.
दुखत नाही, हेच डॉक्टरीणबाईंना आवडलं नाही.
आरशाच्या दांड्यानं टकटक केलं
शेजारणीवर, मग हिच्यावर,
आणि फोटोत मुळाशी दाखवला
तांदळाएवढा काळा डाग.
"रूट कॅनल. वर कॅप. साडेआठ हजार.
घाई नाही, पण फार थांबूही नका."

हे तर माझंच वाक्य.
दोन वर्षांमागे वेंगुर्ल्याच्या वाळूत
रुझारच्या होडीखाली उताणा पडून
मीच म्हटलं होतं.
हातोडीचा दांडा फळीवर:
टण, टण, टण, मग बद्द.
रुझार म्हणाला, "पाणी खंय भितर येता?
तुका काम होया."
देवगडहून दुसरा मेस्त आणला त्यानं.
त्यानंही तिथंच ठोकलं, मान हलवली,
दोनशे रुपये कमी सांगितले.
फळी निघाली ती ओल्या तंबाखूसारखी.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो.

दुसरी सांगत नाही:
केळूसच्या एका पातीची फणसाची फळी,
बद्द वाजली म्हणून उचकटली,
आतून खणखणीत.
मालक जेवायला गेला होता.
तिचे तुकडे संध्याकाळी
माझ्या चुलीत गेले. नवीन फळीचे पैसे
मी मोजून घेतले.

रात्री नखानं दाढ वाजवून बघतो.
आपल्याच डोक्यात
सगळंच बद्द वाजतं.

सकाळच्या एसटीनं कुडाळला जातो.
फोटो दाखवीन.
काढला कुणी, ते सांगणार नाही.