दोनशे नव्याण्णव

ऑक्टोबरात मैदानाला कुलूप. बाहेर मका कापणारी यंत्रं,
आत खाण्याच्या स्टॉलमागच्या खोलीत आम्ही पाच जण
मस्टर्डच्या उरलेल्या डब्यांवर बसलेले,
हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरवायला.
बक्षीस म्हणजे पितळी पत्रा ठोकलेली लाकडी पाटी
आणि हॅन्सनच्या दुकानातली बुटांची एक जोडी.
भांडण मात्र असं,
की जणू मिसिसिपीचं पाणी वाटून घ्यायचंय.

मर्ल रेडिओवर बोलतो, म्हणून कुठेच थांबत नाही.
"ऑस्टरहाउस," म्हणाला. "लागोपाठ नऊ सामने जिंकून दिले.
एकोणीस वर्षांचं पोर. अजून काय हवं?"

ओडेल बस चालवतो. तो उशिरा तोंड उघडतो.
"मे महिन्यात पिओरियाहून परत येताना
हेच पोर मागच्या सीटवर हमसून हमसून रडत होतं.
टँगन शेजारी जाऊन बसला, आपला कॅचर,
आणि बर्लिंग्टनचा पूल येईपर्यंत त्याला सांगत राहिला
डुकराची पिल्लं खच्ची कशी करतात.
दुसरा एक शब्द नाही.
ते नऊ सामने त्यानंतरचे.
बोल व्हर्ना, तुझ्या वहीत याला रकाना आहे?"

नाही. माझ्या वहीत टँगनची सरासरी दोनशे बारा.
चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
आता बारा वर्षं काचेमागे बसून लिहिते:
हिट, की समोरच्याची चूक.
कोणी तरी ठरवावं लागतं. मी ठरवते.

कॉरीन तिकिटं विकते. तिचं मत एलियेझर मोटाला.
"त्याच्यासाठी लोक बुधवारीसुद्धा येतात."
"दोनशे नव्याण्णव!" मर्ल हसला. "तीनशे असता तर बघितलं असतं."

चारशे अठ्ठावीस वेळा उभा राहिला, एकशे अठ्ठावीस हिट.
एक जास्त असता तर तीनशे एक.
तो एक मला माहीत आहे.
अकरा जुलै, सातवी इनिंग, जमिनीलगत चेंडू,
पाहुण्यांच्या शॉर्टस्टॉपच्या ग्लव्हला लागून निसटला.
मी लिहिलं: चूक.
मोटानं पहिल्या बेसवरून वर काचेकडे पाहिलं,
हेल्मेट सारखं केलं, बस्स.

मिलोश मैदान राखतो.
इतका वेळ तो डब्यावरचं लेबल नखानं सोलत होता.
"निसटला नाही तो," म्हणाला. "उडाला. खड्यावरून."
कोणी काही बोललं नाही.
"त्या दिवशी तिथे दाताळं फिरवलंच नव्हतं मी.
एड्नाचं डायलिसिस, त्यात गाडी बंद पडली,
पोचलो तेव्हा राष्ट्रगीत सुरू होतं."
"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"
"मला विचारलं कोणी?"

नोंद बदलायची मुदत एक दिवसाची.
वही लीगकडे जमा, आकडे छापून झालेले.
मर्ल म्हणाला, आता खडा मत देणार आहे का?
ओडेल म्हणाला, देत असेल, आपल्याला दिसत नाही.

चिठ्ठ्या काढल्या. मिलोशचं मत ऑस्टरहाउसला.
"देणं फेडायला म्हणून मत द्यायचं नाही मला."
हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला.
माझी चिठ्ठी तेव्हा आधीच टोपीत पडली होती.
मोटा दोन, ऑस्टरहाउस दोन, टँगन एक.
शेवटी ओडेलनंच टँगनची चिठ्ठी खिशात घातली, दुसरी लिहिली.
"तो ट्रेलरमध्ये राहतो. पाटी लावणार कुठे?"

शुक्रवारी हॅन्सनचा फोन: नावात झेड की एस?
झेड, म्हटलं.
"खाली सरासरी कोरायची ना? नेहमी कोरतो."
समोर माझी घरची वही, अकरा जुलैचं पान,
त्या चौकोनात माझंच अक्षर, वळणदार, ठाम.
कोरा, म्हटलं. आहे तीच.
"आणि बुटांचा नंबर?"

मी कॉरीनला विचारलं, ओडेलला विचारलं,
मर्ललासुद्धा.